रंगूनची हवा आल्हाददायक

कुसुमताई सुनेच्या ट्रंकेत लोणच्याची बरणी जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवत होत्या. ते पाहून गिरिधरच्या हातातला चहा बशीत सांडला.

"ताई, हे काय करून राहिली?"

"सुमतीले रंगूनले धाडून राहिली. चंद्रभान तिथं एकटा हात भाजून घेत असंल. शनिवारची कलकत्ता मेल, सोबत तिचा भाऊ आहे."

"पण तिथं लढाई आहे!"

"तूच तर लिहिलं, 'जनजीवन सुरळीत, भाजीपाला मुबलक'. माह्या चंद्रभानले वांगे आवडतात."

गिरिधर 'नागनदी' साप्ताहिकात उपसंपादक होता. सरकारी पत्रकं मराठीत आणणं हे त्याचं काम. फौज मागे हटली की तो 'मोर्चाची फेररचना' लिही. खऱ्या बातम्याही तारेने येत, पण 'प्रसिद्धीसाठी नाही' असा शेरा घेऊन. त्या कपाटात जात. रंगूनवर बॉम्ब पडले, माणसं शहर सोडून पळू लागली, हे त्याला सन बेचाळीस उजाडायच्या आधीपासून ठाऊक होतं. तिथल्या भाताच्या गिरणीत भाचा कारकून. ताईचा जीव थाऱ्यावर राहावा म्हणूनच तर त्याने पत्रकात नसलेला भाजीपाला पदरचा घातला होता.

"ताई, पेपरातलं सारंच खरं नसते."

ताईंनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. "काहून गा, सुमतीले अडवून राहिला? चंद्रभाननं तिकडं दुसरी बायको केली का?"

"नाही वं ताई!"

पण सुमतीने ते स्वयंपाकघरातून ऐकलं होतं. इतके दिवस ती जायला कां-कू करत होती. आता तिने स्वतःच्या हाताने ट्रंकेला कुलूप ठोकलं.

गिरिधरने शुक्रवारच्या अंकात एक ओळ सरकवली: 'तूर्त रंगूनचा प्रवास इष्ट नाही.' संपादक बाबारावांनी ती वाचून चष्मा काढला.

"गिरिधरपंत, छपाईचा कागद सरकारच्या हातात आहे. पेपर काय केळीच्या पानावर काढू?"

त्यांनी ओळ खोडली आणि रिकाम्या जागेत लिहिलं, 'रंगूनची हवा आल्हाददायक.'

ताईंनी अंक वाचला आणि सुमतीची शाल ट्रंकेतून बाहेर काढली.

शनिवारी मेल फलाटाला लागली. सुमतीने पायरीवर पाऊल ठेवलं आणि गिरिधरचा धीर सुटला. तो डब्याच्या दारात आडवा झाला.

"जाऊ नको, पोरी! रंगूनवर बॉम्ब पडले! फौज मागं हटून राहिली, लोक जीव घेऊन पळून राहिले! भाजीपाला मी मनचा लिहिला!"

एका हवालदाराने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "काय जी, अफवा फैलावून राहिले? चला ठाण्यावर."

"सोडा जी त्याले!" ताई धावल्या. "तो खोटं बोलून राहिला!"

"खोटं असो का खरं बाई, लढाईचं बोलाचं नाही."

सुमती पायरीवरून खाली उतरली. "आई, मामांनी दोन वर्षं एवढं लिहिलं, कोणी हात नाही लावला. आज धरून राहिले. म्हणजे आजचं खरं आहे." आणि ती हमालाला म्हणाली, "ट्रंक उतरव गा."

ठाण्यावर बाबाराव वर्षभराचे अंक काखेत मारून आले. फौजदाराने चार अंक चाळले आणि असा माणूस अफवा पसरवणं शक्य नाही म्हणून गिरिधरला सोडून दिलं. पकडले जाण्यापेक्षा त्याला हे सुटणंच जास्त लागलं.

संक्रांतीला चंद्रभान आला. दाढी वाढलेली, पायाला चिंध्या बांधलेल्या, बोटीत चार दिवस उभ्याने काढलेले. ताईंनी त्याच्या तोंडावरून हात फिरवला, पोटभर रडल्या आणि पदराने डोळे पुसून भावाकडे वळल्या.

"आता छाप."

"नाही छापता येत, ताई."

"बरं."

दुपारी त्यांच्याकडे हळदीकुंकू होतं. धंतोलीतल्या तीस-चाळीस बायका आल्या. तिळगूळ देऊन झाला की ताई प्रत्येकीला आतल्या खोलीत नेत आणि म्हणत, "चंद्रभान, पाय दाखव." मग तो सगळं पहिल्यापासून सांगे. जाताना प्रत्येक बाई गळ्याची शपथ घेऊन गेली की हे कुणालाही सांगणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्याने माप ओतता ओतता इकडे तिकडे पाहिलं आणि गिरिधरच्या कानाशी लागला.

"साहेब, रंगून खाली होऊन राहिलं म्हणते. कोणाले सांगू नका बरं. पेपरवाल्याइले तर पत्ताच नाही!"