पत्र्यावरची गोदावरी

वामनभाऊंनी मला फसवलं. शेजाऱ्यानं शेजाऱ्याला, भरदिवसा, चहा पाजून.

बल्लारपुरात गाड्यांच्या नंबरप्लेटा रंगवत मी वर आलो. आता नामांकित चित्रकारांची चित्रं अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर छापून देतो. लोक बैठकीत लावतात. सौद्यात मला हरवणारा माणूस गावात नव्हता. निघाला तो भिंतीपलीकडेच.

वामनभाऊ कागद कारखान्यातून रिटायर झाले, आणि त्यांचा भरवसा नाही तो नेमका कागदावर. "जिंदगी गेली कागद बनवण्यात. मले नोको सांगू." लग्नपत्रिका दिली तर हात मागे घेतात, "तोंडानं सांग." दुसरी खोड म्हणजे, कोणतीही वस्तू आधी बोटानं ठोकायची आणि कान लावून ऐकायची. टरबूज ठोकलं तर समजू शकतो. माझा नवा सोफाही ठोकला. दुकानात आले आणि एका चित्रावर गिलासभर पाणी ओतलं.

"काय करून राह्यले भाऊ?" मी ओरडलो.

"परीक्षा घेऊन राह्यलो. पास झालं. हे नदीवालं मले पाह्यजे."

चित्र कुण्या जुन्या विलायती चित्रकाराचं. रुंद नदी, एक नाव, काठावर झाड. भाऊंची ओसरी स्टेशनच्या रस्त्याला लागून, येणारा-जाणारा पाहणारच. मी सौदा केला. चित्र फुकट, पण लावायचं ओसरीत, खाली माझ्या दुकानाचं नाव.

"मंजूर," म्हणाले, आणि चहा पाजला.

ओसरी कोरीच राहिली. विचारलं की म्हणायचे, "ठोकून पाहून राह्यलो. भिंत बरोबर बोलत नाई." शेवटी माझं डोकं फिरलं. चित्र परत आणायला सरळ आत घुसलो.

आतल्या खोलीत, ओल धरलेल्या भिंतीवर, गुडघ्याएवढ्या उंचीवर चित्र लटकत होतं. दुकानाचं नाव चिकटपट्टीनं झाकलेलं! समोर खाटेवर त्यांची बायको राजक्का. माहेर गोदावरीकाठच्या सिरोंचाचं. न्हाणीत पडल्यापासून तिला एकाच कुशीवर झोपता येतं. वामनभाऊ खाटेला लागून जमिनीवर कोपरावर रेलले होते आणि तिच्या डोळ्यांच्या रेषेत डोकं नेऊन चित्र सरळ आहे का ते पाहत होते.

मी तोंड उघडणार तोच राजक्का म्हणाली, "तुमीच ना भाऊ? आमच्या गोदावरीवर जाऊन हे काढून आणलं? हे सांगून राह्यले होते."

मी वामनभाऊंकडे पाहिलं. ते उठले आणि भिंतीकडे तोंड करून उगाच पत्रा ठोकायला लागले.

"घाटावरचं झाड हाये ना अजून?"

"आहे," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"मग पुढच्या खेपेले पल्याडचा काठ आणजा. तिकडं माझ्या बहिणीचं घर होतं."

जाहिरात गेली, चित्र गेलं, ते मी गिळीन. पण पल्याडचा काठ आता कोणत्या विलायती चित्रातून काढू? वामनभाऊ, पत्रा काऊन ठोकता? इकडे पाहा, आणि जवाब द्या.