कस्तुरीच्या बाकाची मोहीम

श्रीबिंदुमाधवचरणी मस्तक ठेवून, आणि पदरचे एक अक्षर घातल्यास मोबाईलचे नेट जावो ऐसी शपथ वाहून, क्षेत्र काशी, मोहल्ला दुर्गाघाट येथील ही हकीकत कलमबंद केली असे.

वेदमूर्ती ढुंढिराजशास्त्री, आणि बँकेच्या खिडकीवर हुकमत चालविणाऱ्या सौभाग्यवती कालिंदीबाई, यांची कन्या चिरंजीव कस्तुरी, इयत्ता चवथी. कानी पडले ते तीस कायम, परंतु कागदावर नजर टाकताच अक्षरे फितूर होऊन जागा बदलीत. मग प्राचार्या लतिकादेवी यांणी परभारे मसलत करून योजना रचिली की, कन्येस वर्गातून काढून तळमजल्याच्या खोलीत रंगकामास बसवावे, परीक्षा माफ, आणि आईबापांनी फक्त सही करावी. कालिंदीबाईंनी सही रोखून धरिली. कारण "यहाँ साइन कर दीजिए" ऐसे बँकेत रोज त्याच फर्मावीत, आणि न वाचता सही करणाराचे पुढे काय होते हे पक्के जाणत.

मग पहिली स्वारी शास्त्रीबुवांनी केली. शाल पांघरून, गल्लीतील सांड चुकवीत, शाळेवर चालून गेले, आणि लेखनापरीस पाठांतर श्रेष्ठ हा पक्ष मांडून शत्रूची ऐसी दाणादाण केली की लतिकादेवी हात जोडून वदल्या, पंडितजी, हम तो हार गए. शास्त्रीबुवा कचोरी-जलेबीसह विजयी मुद्रेने घरी दाखल जाहले.

"मग कस्तुरी बसणार कुठे?" बाईंनी पुसिले.

"तो विषय निघाला नाही."

मग बाईंनी रजा टाकून सेनापतीपद स्वतःकडे घेतले, आणि हुकूम सोडिला की शास्त्रीबुवांनी सोबत यावे, परंतु तोंड उघडू नये. ऐसा कठीण प्रसंग त्या घराण्यावर पूर्वी गुदरला नव्हता.

बैठकीत लतिकादेवींनी पेन पुढे केले की, एक्स्पर्ट ने बनाया है, बस साइन.

"एक्स्पर्ट कस्तुरी से मिले हैं?"

लतिकादेवींनी पेन मागे घेतले. मग बाईंनी कायद्याचा हवाला देऊन मागण्या कागदावर मांडिल्या की, आईबापांस वगळून योजना होणार नाही, कन्या वर्गातून हलणार नाही, प्रश्न तीस वाचून दाखवावे, आणि उत्तरे सर्व वर्गासमोर तोंडी घ्यावी, म्हणजे पोरीची हुशारी जगास कळेल.

"कल को सब पेरेंट्स यही माँगेंगे!"

"माँगने दीजिए."

लतिकादेवी निरुपायाने कबूल जाहल्या, परंतु जाता जाता एक बाण सोडिला की, और आपने कस्तुरी से पूछा है?

बाईंनी सहीस उचललेले पेन खाली ठेविले. मग कस्तुरीस पाचारण जाहले.

"सगळ्यांसमोर नको ना, आई. शरम वाटते. टीचरला एकटीला सांगेन. आणि बाकावर मधुवंतीच्या बाजूलाच बसेन."

कालिंदीबाईंनी आपले कलम आपल्याच हाताने खोडिले, आणि कन्येचे वर चढविले, आणि मगच सही केली.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. दुसरे दिवशी कस्तुरी आपल्या बाकावर कायम जाहली, आणि इतिहासाच्या तासास बडबड केली म्हणून मधुवंतीसह, दोघींस एकच इन्साफ, उभी राहण्याची शिक्षा पावली. ही खबर बँकेत पोहोचताच कालिंदीबाईंनी सर्व खिडक्यांवर लौंगलता वाटिली, आणि मिठाई कशाची ऐसे साहेबांनी पुसता वदल्या की, मुलगी वर्गात उभी आहे.