अण्णाप्पांचा फ्लोट

अण्णाप्पा मिस्त्री घरी आले की तांब्याभर पाणी मागतात, पण पीत नाहीत. खिशातून पितळेची चपटी डबी काढतात, तांब्यात सोडतात आणि चहा संपेपर्यंत तिच्याकडे बघत बसतात. डबी तरंगत राहिली तर निवांत पान लावतात. बुडाली तर चहा अर्धा टाकून तरातरा निघून जातात. आमच्या हिने त्यांच्यासाठी तांब्याच वेगळा काढून ठेवलाय.

त्या डबीला फ्लोट म्हणतात. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल पुरेसं आलं की तो वर उचलला जातो आणि पेट्रोलची वाट बंद करतो. अण्णाप्पांच्या वडिलांच्या जुन्यापुराण्या मोटारीत हा फ्लोट बुचाचा होता, वर लाखेचा लेप दिलेला. मग पेट्रोलमध्ये उसाचं इथेनॉल आलं. लाख विरघळली, बूच भिजून बुडालं आणि गाडी पेट्रोल ओकू लागली. तेव्हापासून अण्णाप्पा पितळी पत्र्याला डाख देऊन, म्हणजे सांधे कथलाने जोडून, पोकळ फ्लोट स्वतःच घडवतात आणि आत पाणी शिरतं का ते तांब्यात बघतात.

"शिरोळला मेव्हणा ऊस लावतोय, त्येचं इथेनॉल हुतंय, आन मरतीय माझी गाडी! घरच्यानीच घात केला की सर!"

त्यांचा हट्ट एकच. बायकोला, म्हणजे गंगाक्कांना, याच गाडीतून शिरोळला माहेरी न्यायचं, वाटेत एकदाही बंद न पडता. मी म्हटलं, बाजारातला दुसरा कार्बोरेटर बसवा.

"उसनी फुप्फुसं लावून शर्यत पळत्यात व्हय?" अण्णाप्पा उखडले.

तीनदा निघाले. तिन्ही वेळा फ्लोटचा डाख सुटला आणि गाडी हातकणंगल्याच्या आसपास बसली. तिन्ही वेळा गंगाक्का डबा घेऊन शांतपणे उतरल्या आणि एसटीने माहेरी पोचल्या. अण्णाप्पा गाडी ओढून आणायचे आणि दुसऱ्या दिवशी नवा पत्रा कापायला बसायचे.

चौथ्या वेळी मला मागच्या सीटवर बसवलं. हातकणंगले गेलं तेव्हा आम्ही तिघंही श्वास रोखून होतो. जयसिंगपूर गेलं. आणि चक्क शिरोळ आलं! मेव्हणे भाकरतुकडा घेऊन दारात उभे. आता अण्णाप्पा फुशारकी मारणार, अशी माझी खात्री होती. ते गाडीला वळसा घालून आले, गंगाक्कांचं दार उघडलं आणि हात पुढे केला.

"गंगे, आज ढकलाय लागली न्हाय."

मला काही उमजेना. गंगाक्काच हसत म्हणाल्या, "लग्न लागून निघालो, तर हितंच वेशीत हीच गाडी बंद पडली. वऱ्हाड ह्येन्ला हसाय लागलं. मग मीच शालू खोचला आन ढकलली की! चाळीस वर्सं झाली, अवो, मी कवाच इसरले."

"तू इसरलीस," अण्णाप्पा म्हणाले. "मला रोज दिसतंय."

त्यांचे डोळे भरून आले होते. मेव्हण्यांच्या नजरेला ते पडू नयेत म्हणून, काहीही बिघडलेलं नसताना, त्यांनी बॉनेट उघडलं आणि डोकं आत घातलं.