चौथ्या खांबावरची गोगलगाय

नॉर्वेच्या पार उत्तर टोकाला, स्कारनेस गावात, धक्क्याची एक फळी मोडली आणि ओडलाउगबाईंचा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. बाई बहात्तर वर्षांच्या; हयात कॉड मासे धरण्यात गेलेली. त्यांनी पाय बाहेर काढला आणि दुरुस्तीसाठी रीतसर अर्ज केला. इथेच त्या चुकल्या.

किनारा खात्याचे स्टुर्लासाहेब पाहणीला आले. चौथ्या खांबावर त्यांना तिळाएवढी समुद्री गोगलगाय दिसली. फक्त बर्फाळ पाण्यात जगणारी, अतिदुर्मीळ.

"आता या खांबाला हात लावता येणार नाही," साहेब म्हणाले.

"खांब राहू द्या की. फळी तेवढी बदला."

"फळी बदलली की माणसं चालणार. माणसं चालली की खांब हादरणार."

धक्का बंद झाला. पाठोपाठ बाईंच्या होडीची सावली गोगलगायीच्या अंगावर पडते, असं निदर्शनास आलं. होडी टेकडीपलीकडच्या खाडीत गेली आणि बाई मासे घसरगाडीवर लादून टेकडी चढू लागल्या.

मग अभ्यासासाठी बारा पाणबुडे दिवे घेऊन उतरले. गोगलगाय पाचव्या खांबावर सरकली. अहवालात नोंद झाली: 'मानवी उपद्रवामुळे स्थलांतर.' फाइलीत माणसाचं नाव एकच होतं, अर्जदाराचं. बाईंना ताकीद आली.

"अहो, मी तर पाण्यात उतरलेसुद्धा नाही," बाई म्हणाल्या.

"तसा वेगळा अर्ज करा," साहेब म्हणाले.

"नको. मागच्या अर्जाचंच अजून निस्तरतेय."

शेवटी प्रश्नाचं गांभीर्य ओळखून खात्याने गोगलगाय संरक्षण केंद्र मंजूर केलं. जागा अर्थातच धक्क्याची. जुने खांब उपटले, काँक्रीट ओतलं. उद्घाटनाला वॉफल आणि तपकिरी चीज होतं.

"आणि ती गोगलगाय?" बाईंनी विचारलं.

"तिला आता कसलाही धोका उरलेला नाही," साहेब समाधानाने म्हणाले.

गावाने टाळ्या वाजवल्या. बाईंनीही वाजवल्या, वॉफल अजून वाटायचे होते.

वसंतात बाईंनी ओहोटीला होडी कलती केली, तळ खरवडायला. तळाला तीसेक तीळ चिकटले होते, आणि ते हळूहळू सरकत होते. बाईंनी खरवडणी खिशात घातली, भरतीला होडी तशीच पाण्यात लोटली आणि सख्ख्या बहिणीलाही सांगितलं नाही.

असा प्राणी ठाऊक असून खात्याला न कळवणारा गुन्हेगार ठरतो, असं नियमात स्पष्ट आहे. बाई आपलं बघून घेतील. पण हे आता तुम्हीही वाचलंत, आणि तुमचा अर्ज अजून आलेला नाही.