शंभर टक्के देशी अंगण

तीस वर्षं मी अलिबाग डेपोत वाहतूक नियंत्रक होतो. कुठली गाडी कुठल्या फलाटावर किती वाजता लागणार हे ज्याच्या शिट्टीवर ठरत होतं, त्याला चार झाडं एका रांगेत उभी करायला काय अवघड? देशी अंगण मंडळाच्या पहिल्या सभेत मी हे वाक्य उभं राहून बोललो आणि मंडळींनी मला तिथल्या तिथे चिटणीस केलं.

आमचं मंडळ चौदा जणांचं. घराभोवती आपल्या मातीतली, आपल्या डोंगरावरची झाडं लावा, एवढंच सांगणारं. अध्यक्ष मृणालीताई. त्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतात आणि कुणाच्याही अंगणात शिरल्या की पाच मिनिटांत घरमालकाला रडवतात. "हा पेरू बाहेरचा. ही पपई बाहेरची. हा झेंडूसुद्धा बाहेरचा." आमच्या आळीतल्या नीराबाईंना त्यांनी मिरची परदेशी असल्याचं सांगितलं, तेव्हा नीराबाई शांतपणे म्हणाल्या, "आसंल. पन आता सासरी रुललीय ना?"

मंडळानं ठरवलं की तालुक्यातलं पहिलं शंभर टक्के देशी अंगण निवडायचं आणि त्या फाटकावर पाटी लावायची. पाटी माझ्याच फाटकावर लागणार हे मी त्याच दिवशी ठरवून टाकलं. अडचण एकच होती. चाफा.

हा चाफा आमच्या सगुणानं, म्हणजे माझ्या बायकोनं, लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात माहेरून, म्हसळ्याहून, आणला. एसटीत मांडीवर फांदी धरून आली होती. आता तो कौलांच्या वर गेलाय. आणि मृणालीताईंनी सांगितलं की पांढरा चाफा मेक्सिकोचा!

"तोडावा लागेल," मी म्हणालो.

सगुणा तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "तुमची क्रोटन उपटलीत, मी बोलले न्हाय. बोगनवेल उपटलीत, तवापन न्हाय. चाफ्याला हात लावायचा न्हाय."

दोन आठवडे घरात याच विषयावर वाटाघाटी झाल्या. शेवटी तह झाला. चाफा सोडून बाकीचं अंगण मंडळानं शंभर टक्के देशी म्हणून पास केलं, तर सगुणा चाफा तोडू देणार. नापास झालं, तर मी चाफ्याचं नाव पुन्हा काढायचं नाही, मरेपर्यंत. मृणालीताईंनीही मान्य केलं की आधी बाकीचं अंगण पाहू, चाफा तोडलात की पाटी.

मग मी कामाला लागलो. जूनपासून डोंगरावरून बी आणलं, वाफे आखले, फलाटांसारखे नंबर दिले. एक नंबरला तेरडा, दोनला कळलावी, तीनला रानहळद, चारला आघाडा. रोज सकाळी छत्री धरून गवत उपटत होतो. भाद्रपद लागला आणि अंगण असं फुललं की रस्त्यानं जाणारी माणसं थांबून बघायला लागली. गुलाबी तेरडा कंबरेएवढा, कुंपणावर कळलावीच्या लाल-पिवळ्या ज्वाळा. ते बघून मला स्वतःचाच अभिमान वाटत होता, खोटं कशाला बोलू.

शिवाय चिटणीस म्हणून मी आळीत एक पत्रकही लावलं. 'डोंगरावरची रानझाडं उपटू नका. गरज पडल्यास मंडळाच्या चिटणिसांशी संपर्क साधा.' खाली माझं नाव, माझा पत्ता. मला म्हणायचं होतं की बी पाहिजे असेल तर मागा.

तपासणीची तारीख मीच काढली. फुलोरा जोरात आणि मृणालीताईंच्या कॉलेजला सुट्टी, असा दिवस. तो दिवस गौरी येण्याचा आहे हे मला माहीत होतं, पण त्यानं काय बिघडतंय? इथे एक कबुली देतो. तीस वर्षं गौरी-गणपतीत मी दिवसा घरी नव्हतो. मुंबईकरांच्या जादा गाड्या कोण सोडणार? गौरी घरी येते एवढं ठाऊक होतं. ती कशाची करतात, कुठून आणतात, हे बायकांचं खातं. मी ड्युटीवरून घरी यायचो तेव्हा गौरी साडी नेसून, मुखवटा लावून, दागिने घालून तयार असायची.

त्या दुपारी मृणालीताईंना आणायला मी अलिबागला गेलो. सोबत मंडळाचे विनेश होते, मांडव्याला बंगला बांधलेले, फोटो काढायची हौस असलेले. गाडी त्यांचीच. परतताना आमच्या गावच्या वळणावर गाडी थांबवावी लागली. समोरून बायका गाणी म्हणत येत होत्या, प्रत्येकीच्या हातातल्या सुपात तेरड्याची जुडी.

"बघा ताई," मी काच खाली करून म्हणालो, "लोकांना देशी झाडाची ओढ कशी असते ते बघा."

"सुंदर. आणि किती निरोगी रोपं आहेत," ताई म्हणाल्या.

विनेशनी सतरा फोटो काढले. मी हात जोडले. नीराबाई सगळ्यांच्या पुढे होत्या. माझ्याकडे बघून इतक्या प्रेमानं हसल्या की मलाच लाजल्यासारखं झालं.

पाच मिनिटांनी मी फाटक उघडलं.

अंगणात काही नव्हतं. काही म्हणजे काहीच नाही. एक ते चार नंबरच्या फलाटांवर फक्त ओले खड्डे. कुंपणावरची कळलावी गेली, रानहळद गेली, आघाड्याची काडी उरली नाही. मधोमध चाफा तेवढा उभा, फुलांनी लगडलेला.

"नामाकाका," मृणालीताई हळू आवाजात म्हणाल्या, "आपण बरोबर घरी आलोय ना?"

सगुणा पदराला हात पुसत बाहेर आली. "नीराबाय नि सगल्याजनी आल्या होत्या. म्हनल्या, पत्रकात लिवलंय, डोंगराव जाव नका, नामाभावजींकडं या. मी फाटक उघडलं."

"अगं, पण मुळासकट?"

"मंग? मुलं म्हंजी गौरीची पावलं. पावलांबिगर ती घरात येनार कशी?"

चहापाण्यात तासभर गेला. दुसरा कुणी असता तर तिथेच बसला असता. मी हरलो नव्हतो. झाडं नष्ट झाली नव्हती, फक्त त्यांची बदली झाली होती. "ताई, झाडं आळीतच आहेत. चला, तिथे तपासा," मी म्हणालो आणि दोघांना घेऊन थेट नीराबाईंच्या घरात शिरलो.

तोवर गौरी उभी राहिली होती. हिरवी साडी, नथ, मुखवटा, वर माझी कळलावी खोचलेली. "गौरीचे हात," नीराबाई कौतुकानं म्हणाल्या. मला मात्र तेरडा दाखवायचा होता, आणि तो सगळा साडीच्या आत. मी खाली बसलो, मन घट्ट केलं आणि साडीचा काठ वीतभर उचलून म्हणालो, "ताई, मुळं बघा. शंभर टक्के माझी."

कोपऱ्यात धोंडूबाई बसल्या होत्या, नीराबाईंच्या सासूबाई, वय ऐंशी. त्या म्हणाल्या, "नामा, माहेरवाशीन हाय ती. तिच्या साडीला हात लावतोस?"

माझ्या हातातून काठ सुटला. विनेशनी त्याच क्षणी फोटो काढला होता. तो नंतर मंडळाच्या ग्रुपवर गेला, त्याबद्दल मी इथे बोलणार नाही.

प्रायश्चित्त म्हणून आम्हाला भाकरी आणि भाजी खावी लागली. तिथून उठलो तर शेजारणीनं हाक मारली, मग तिच्या शेजारणीनं. अकरा घरं झाली. मृणालीताईंनी प्रत्येक गौरीला हळदकुंकू वाहिलं, प्रत्येक घरी त्यांना तेरड्याची गाणी म्हणून दाखवली गेली, आणि मी उंबऱ्यावर दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा होतो. कारण प्रत्येक घरात माझी बातमी आमच्या आधी पोचलेली.

अंधार पडायच्या आत आम्ही परत माझ्या अंगणात आलो. ताईंनी चष्मा लावला, वही काढली. मी शेवटचा प्रयत्न केला. "ताई, सकाळी या चार वाफ्यांत..."

"काका, मी सकाळी नव्हते," त्या म्हणाल्या. आवाजात दया होती, पण हात लिहीत होता. "अंगणात झाड एक. मूळ देश मेक्सिको. देशी शून्य टक्के."

एवढं लिहून त्यांनी चाफ्याकडे पाहिलं आणि सगुणाला विचारलं, "वहिनी, दोन फुलं घेऊ का?" सगुणानं ओंजळभर दिली.

गौरी गेल्या, पाहुणे गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी मी कुदळ घेऊन अंगणात उतरलो. तह तह असतो, चाफ्याचं नाव काढायचं नव्हतं, मी काढलं नाही. पण वाफे माझे होते आणि पुढचं वर्षही माझंच होतं. सगुणा चहा घेऊन आली. रिकामे खड्डे तिनं एकदा नीट बघितले. मला वाटलं, आता सांत्वन करील.

"पुढल्या वर्षी दाट लावा," ती म्हणाली. "यंदा दोन घरांना कमी पडला. नीराबाय म्हनत होती, पल्याडच्या आळीच्या बायापन येनार हायेत."

मी हो म्हणालो आणि जूनमधलं उरलेलं बी निवडायला बसलो. चाफ्याखाली बसलो, कारण ऊन फार होतं आणि अंगणात दुसरी सावली उरलेली नव्हती.