खंडेनवमीची साफसफाई

थंड भट्टी. 'हिशेब-नवा'. अर्धं लिंबू. 'हिशेब-नवा-खरा'. हळदकुंकू लावलेलं लाटणं. 'हिशेब-आता-नक्की-खरा'. झेंडूची माळ.

हे सगळं एकाच छपराखाली, लोणावळ्याला निवृत्तीभाऊंच्या चिक्की कारखान्यात, खंडेनवमीच्या सकाळी. लाटणं, लिंबू, माळ पूजेची. ती विचित्र नावं गौरवची. तो कारखान्याचे संगणक सांभाळायचा.

सगळा हिशेब एका व्हर्च्युअल मशीनवर. म्हणजे खऱ्या संगणकाच्या पोटात बसवलेला दुसरा संगणक! गौरव बॅकअप म्हणून त्याचे हुबेहूब क्लोन काढायचा आणि मनाला येईल ते नाव देऊन कुठंही टाकायचा. स्टोरेजचा अगदी लग्नघरातला माळा झाला होता!

"भाऊ, स्क्रिप्ट लिहिलीय!" त्यानं छाती फुगवून सांगितलं. "आजच्या तारखेचा क्लोन ठेवायचा, जुनं सगळं पुसायचं. बटण दाबायचं, चहा प्यायचा!"

"दिवाळीच्या ऑर्डरी आहेत त्यात," भाऊ म्हणाले. "उद्या पहिला टेम्पो निघतोय. काही गडबड झाली तर त्याच टेम्पोत घालून तुला कायमचा घरी धाडीन."

"भाऊ, मी आहे ना!"

गौरवनं बटण दाबलं. चहा प्याला. परत येऊन बघतो तर पडद्यावर:

पुसले: सगळे.
ठेवले: काही नाही.

खंडेनवमी! पूजेसाठी हिशेबाचं मशीन कालच बंद केलेलं. नवा क्लोन निघालाच नव्हता. आजच्या तारखेचं आत काही म्हणजे काहीच नव्हतं! क्लोन जुने, मूळ मशीनही कालचंच. स्क्रिप्टनं इमानेइतबारे सगळंच झाडून काढलं होतं.

उरली बॅकअपची, बाहेरून तारेनं जोडायची छोटी डिस्क. कालचा क्लोन तिच्यातही होता. पण तीही संगणकालाच जोडलेली. स्क्रिप्टनं तिला थोडीच सोडलं असणार? तरी गौरव धावला. डिस्क पूजेच्या पाटावर, उलथणं आणि लाटणं यांच्या मधोमध, कपाळभर कुंकू लावून बसली होती. तार झेंडूखाली गडप.

"हात लावू नगंस!" आक्काबाई कडाडल्या. भट्टीवरच्या सगळ्यांत जुन्या. पूजा दरवर्षी त्यांचीच.

"मावशी, नुसतं बघतो!"

"उद्या दसऱ्याला पूजा हलली की बघ. आज हत्यारं झोपल्यात."

"हत्यार नाही ते, डिस्क आहे!"

"मंग हत्यार न्हाई तर एवढा जीव का टाकतुयास? आन् घाम कशानं फुटलाय? ताप हाय व्हय तुला?"

भाऊ येता-जाता विचारत होते, "झाली का रे साफसफाई?"

"झाली भाऊ. अगदी... लख्ख!"

दसऱ्याच्या सकाळी आक्काबाईंनी पाट हलवला, पदरानं कुंकू पुसलं आणि डिस्क त्याच्या हातात ठेवली. गौरवनं ती लॅपटॉपला लावली आणि डोळे गच्च मिटले. मग एकच डोळा उघडला.

'हिशेब-आता-नक्की-खरा'! खोपोली, तळेगाव, पुणे, एकूण एक ऑर्डर जागेवर! गौरवनं थेट आक्काबाईंचे पाय धरले.

"बास बास! लय मोठा हो," त्या म्हणाल्या. त्यांना वाटलं, दसऱ्याचा नमस्कार.

टेम्पो निघाला. भाऊंनी गौरवच्या हातावर आपट्याचं पान ठेवलं. "काय रे, सकाळी मशीन पुन्हा बसवत होतास म्हणे. घोटाळा?"

छाती पुन्हा फुगली. "छे छे! स्क्रिप्टच हुशार आहे भाऊ. खरा क्लोन बरोब्बर ओळखते. त्याला हातच लावत नाही!"

खंडेनवमीला, बटण दाबायच्या आधीच, आक्काबाईंनी डिस्कची तार उपटली होती. झेंडूची माळ तिच्यात अडकत होती.