केळीच्या कोळशाची मध्यस्थी

आमच्या गावात वीज ऑक्सिजनच्या लग्नांवर चालते, आणि ती लग्नं लावायचं काम मी जन्मायच्या आधीपासून प्लॅटिनमरावांकडे होतं.

पद्धत साधी आहे. ऑक्सिजन नेहमी जोडीनं येतो, दोन सख्खे भाऊ एकमेकांच्या गळ्यात हात टाकून. मध्यस्थानं आधी त्यांना वेगळं करायचं, मग एकेकाचं दोन-दोन हायड्रोजनशी लावून द्यायचं. या दोन-दोनवर गावातल्या एकाही म्हाताऱ्यानं आजवर हरकत घेतलेली नाही. मुलींकडचा आहेर तारेतून येतो आणि येता येता दिवे, पंखे, पिठाची गिरणी चालवून येतो. लग्न लागलं की मंडळी पाणी होऊन पाटानं निघून जातात. भाऊ वेगळे झालेच नाहीत तर लग्न अर्धवट लागतं, आहेर निम्मा येतो आणि पाटात पाण्याऐवजी पेरॉक्साइड उतरतं. ते केसांना लागलं की केस भुरे होतात.

प्लॅटिनमराव कामाला चोख, पण मानपान फार. अंगावर धूर गेला की रुसून बसायचे. यंदा धूर माझ्या वडिलांच्या ट्रॅक्टरचा होता. वडील म्हणजे तोताराम नाना भारंबे, गावच्या लग्न-समितीचे अध्यक्ष. नवा ट्रॅक्टर घेतला तो आशीर्वादासाठी थेट प्लॅटिनमरावांच्या दारात नेला आणि पूजा होईपर्यंत इंजिन चालू ठेवलं, कारण बंद करणं अशुभ. प्लॅटिनमरावांनी भिंतीकडे तोंड केलं. गाव अंधारात गेलं. ऑक्सिजनची वऱ्हाडं चावडीबाहेर ताटकळली.

माझ्याकडे तेव्हा कोळसा होता. घड उतरवला की केळीचं खोड बांधावर फेकतात. मी ते वाळवलं, त्याला युरिया चोळला, ड्रमात घालून, झाकण घट्ट लावून भाजलं. कॉलेज सोडल्यापासून मी हेच करत होतो. कॉलेजात सर पिवळ्या पडलेल्या नोट्स वाचून दाखवायचे. हे कशासाठी, असं विचारलं तर म्हणाले, परीक्षेसाठी. मग मी उठलो तो परत बसलो नाही. ड्रमाचं झाकण काढलं तेव्हा कोळसा पहिलं वाक्य बोलला, "भो, काम दे." मुठीत मावेल एवढा होता. त्या दिवसापासून माझ्याशी शहाण्यासारखं बोलणारा गावात तो एकटाच.

मी त्याला समितीपुढे नेला. नानांनी अट घातली, "जमलं तर जमलं. नाही जमलं तर कोपऱ्यावरच्या इस्त्रीत."

इस्त्रीत गेलेला कोळसा राख होऊनच निघतो. कोळसा म्हणाला, "मंजूर."

"घराणं कुठलं?" नानांनी विचारलं.

"केळीचं. तुमच्याच मळ्यातलं. तुम्हीच फेकलं होतं बांधावर."

"म्हणजे धातू नाही?"

"नावालाही नाही."

समितीचे दुसरे सभासद लोटू अण्णा मिशीवर हात फिरवत म्हणाले, "सोनं नाही, चांदी नाही, लोखंडाचा खिळासुद्धा नाही? मध्यस्थाचं वजन पडणार कसं?"

"वजनानं भाऊ वेगळे होत नाहीत, अण्णा. जागेनं होतात."

"रंगानं काळा आहे," नाना म्हणाले.

"नाना, मी नवरदेव नाही. मध्यस्थ आहे."

"अंगभर भोकं आहेत."

"खोल्या म्हणा. मोजायला बसलात तर वऱ्हाडाचं वय निघून जाईल."

नाना भडकले. "भावाभावांना खोल्या देतो! घरफोडीचा धंदा हा! माझ्या घरात दोन मुलगे, एक चूल. मी कोणाला वेगळं होऊ दिलं का?"

हे खरं आहे. दादा-वहिनी साडीचा पडदा लावून स्वयंपाकघरात झोपतात आणि मी नानांच्या खाटेखाली. माडीवर खोली आहे, पण तिच्यात नानांच्या सत्काराच्या शाली आणि वाळके नारळ राहतात.

"एकत्र नाही ठेवलं नाना, कोंबलंय," मी म्हणालो. "लग्न झाल्यापासून दादा-वहिनी कुजबुजत भांडतात. आपल्या घरात पाणी नाही, पेरॉक्साइड उतरतंय."

दादा पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरू लागला. वहिनी मागून मोठ्यानं म्हणाली, "बरोबर बोलले भाऊजी!" नानांनी इस्त्रीवाल्याला आत बोलावलं. तो इस्त्री उघडून निखाऱ्यांवर फुंकर घालत बसला.

पहिली ऑक्सिजनची जोडी कोळशात शिरली. बराच वेळ कोणीच बाहेर आलं नाही. नानांनी चिमटा मागवला. इस्त्रीवाल्यानं तो पुढे केला आणि नानांनी कोळशाला धरलंसुद्धा.

तेवढ्यात एक भाऊ डावीकडून बाहेर आला, दुसरा उजवीकडून. दोघंही हसत होते.

"कसं काय वेगळे झालात रे?" अण्णांनी विचारलं.

"आत एक आत्या आहे," धाकटा म्हणाला. "नायट्रोजनकडची. युरियातून आलेली. म्हणाली, बाळा, घटकाभर सोड त्याचा हात, शेजारच्या खोलीतच आहे तो."

लग्नं लागली. चावडीचा पंखा आधी करकरला, मग फिरला. गिरणी सुरू झाली, दिवे लागले, पोरं नाचायला लागली, आणि वीज आल्यामुळे बँडवाल्याचा भोंगाही वाजू लागला. नानांना तरी पटेना. त्यांनी पाटातलं पाणी लोटू अण्णांच्या मिशीला लावायला सांगितलं. कलप केलेली मिशी काळीच राहिली. मग ट्रॅक्टर आणून धूर सोडला. कोळसा म्हणाला, "सोडा आणखी. मी भट्टीतलाच आहे."

नानांनी चिमटा खाली ठेवला. रिवाज मोडता येत नाही, म्हणून टॉवेल-टोपी-नारळ देऊन कोळशाचा सत्कार स्वतःच्या हातानं केला. टोपी पार डोळ्यांपर्यंत आली. प्लॅटिनमरावांनी भिंतीकडचं तोंड फिरवलं, सुटलो म्हणाले आणि त्याच आठवड्यात शहरातल्या एका सराफाकडे अंगठी म्हणून रुजू झाले. तिथे नुसतं बोटावर बसायचं असतं.

माडीवरची खोली अजून नारळांकडेच आहे. आम्ही वाट पाहिली नाही. दादा-वहिनीनं कोळशातली उजवीकडची खोली घेतली, मी डावीकडची. आत्या सकाळी चहाला हाक मारते. वहिनी आता मोठ्यानं भांडते आणि मोठ्यानं हसते. नाना दर रविवारी जेवायला येतात, दोनदा वाढून घेतात, जाताना धोतर काळं करून जातात. आत येताना मान खाली घालावी लागते, तेवढं एक त्यांना आवडत नाही.